पहिल्या महिन्याचा खर्च कुणाचा?

पार्सल पोचवायचं काम कुणालाही जमतं, अशी समजूत आपल्याकडे पक्की झाली आहे. गाडी चालवता येते ना? स्मार्टफोन आहे ना? मग उद्यापासून ये. भरतीच्या जाहिरातीतही याहून फार काही नसतं. आधार, पॅन, लायसन्स, बँकेचं खातं, स्वतःची दुचाकी, आणि शेवटी एक ओळ: अनुभवाची गरज नाही. ही ओळ गरजू तरुणाला मोठा दिलासा देते आणि तो दिलासा खरा आहे. बारावीनंतर शिक्षण सुटलेला, कारखान्यातलं कंत्राट संपलेला, सोयाबीनच्या पडलेल्या भावामुळे गाव सोडावं लागलेला मुलगा दोन-चार दिवसांत कमाईला लागतो. इतक्या लवकर दार उघडणारे व्यवसाय आज फार उरलेले नाहीत.

पण अनुभव या कामाला लागतो, भरपूर लागतो. तो मिळवायचा सगळा खर्च नव्या मुलाच्या खिशातून होतो आणि त्याची जोखीमही त्याच्याच अंगावर असते. महाराष्ट्राने हे बदलायला हवं. कसं बदलायचं, हे या राज्याला पन्नासहून अधिक वर्षं ठाऊक आहे.

सकाळी सातला शहराच्या कडेच्या कुठल्याही हबवर गेलं की या कामातले बारकावे दिसू लागतात. रात्रीतून मोठ्या गोदामांतले ट्रक येऊन गेलेले असतात. मुंबईकडे हा माल बहुतेक भिवंडीहून येतो. एके काळी यंत्रमागांच्या खडखडाटासाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावाभोवती आज नजर पोचेल तिथवर गोदामं आहेत. पुण्याकडे चाकण-तळेगावच्या पट्ट्यात तेच चित्र आहे. हबवर माल आधी पिनकोडप्रमाणे, मग भागाप्रमाणे वेगळा होतो आणि प्रत्येकाच्या नावावर एक रूट पडतो. जुनी मुलं आपली पार्सलं स्कॅन करून बॅग भरायला बसतात. भरायचं उलट्या क्रमाने, म्हणजे शेवटी द्यायचं ते तळाला आणि पहिलं द्यायचं ते वर. जड खोकी खाली, पण पाठीला टोचणार नाहीत अशी. मोबाइलसारखा महाग माल अंगाजवळ. एका सोसायटीची सगळी पार्सलं एकत्र, आणि प्रत्येकावर मार्करने ठळक विंग आणि फ्लॅट नंबर.

नवा मुलगा हाताला येईल तसं भरतो. मग दिवसभर प्रत्येक दारासमोर बॅग उपसत बसतो. एका पार्सलमागे दोन-अडीच मिनिटं यात गेली, तर पन्नास पार्सलांत दोन तास गेले. कुणी शेजारी बसून दाखवलं तर हे दहा मिनिटांत शिकता येतं. पण दाखवायला कुणी मोकळं नसतं, कारण दाखवू शकणाऱ्याची कमाईही नगावरच ठरते. तो थांबला की त्याचं नुकसान. जुनी मुलं मनाने वाईट नसतात, उलट अडलेल्या नव्या मुलाला फोनवरून रस्ता सांगणारीही तीच असतात. पण कामाचा हिशेबच असा बांधलेला आहे की शिकवणाऱ्याला शिकवण्याचा तोटा होतो.

मग पत्ते. सहा अंकी पिनकोड भारतात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. तो ज्यांनी आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी होते, मराठी होते आणि संस्कृतचे कवीही होते. एकाच नावाची अनेक गावं, निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते, अर्धवट मजकूर या सगळ्यांतून पत्राला वाट काढून देणारी ती रचना होती. आज मुंबईचा ४००, गोव्याचा ४०३, पुण्याचा ४११ हे आकडे लाखो पार्सलांची पहिली चाळणी करतात. पण पिनकोड टपाल कार्यालयाच्या हद्दीपर्यंत नेतो, दारापर्यंत नेत नाही. दारापर्यंतचं ज्ञान पोस्टमनच्या डोक्यात असायचं आणि ते त्याला एकाच बीटवर वर्षानुवर्षं फिरून मिळायचं. त्या वर्षांत त्याला पगार मिळत होता, हे इथे महत्त्वाचं.

नव्या मुलाला तेवढी वर्षं मिळत नाहीत. पुण्याच्या पेठांत त्याला पत्त्यात ‘जिलब्या मारुतीजवळ’ किंवा ‘खुन्या मुरलीधरासमोर’ एवढंच लिहिलेलं सापडतं. ज्याचं बालपण त्या गल्ल्यांत गेलं त्याला तेवढं पुरे. लातूरहून मागच्या महिन्यात आलेल्याला त्याचा काही उपयोग नाही. धायरी-आंबेगावकडे एका सर्व्हे नंबरवर पन्नास-पन्नास घरं उभी असतात आणि गुंठेवारीतल्या गल्लीला नावच नसतं. नवी मुंबई कागदावर सोपी आहे, पण तिथे प्रत्येक नोडचे सेक्टर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. नुसतं ‘सेक्टर १०’ लिहिलं तर ते वाशीतलं, नेरुळमधलं की खारघरमधलं? छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोत ‘एन’च्या आकड्यांची वेगळीच मांडणी आहे. मुंबईत तर नकाशावर दोनशे मीटरवर दिसणारी इमारत रुळांच्या पलीकडे निघते. पूर्वेतून पश्चिमेत जायला भलामोठा वळसा घालावा लागतो आणि त्या वळशाचं पेट्रोल कुणी देत नाही.

टपाल खात्याने मे २०२५ मध्ये डिजिपिन नावाची नवी पद्धत आणली. साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या प्रत्येक चौकोनाला तिच्यात दहा अक्षर-अंकांचा संकेत मिळतो. ती रुळली तर वस्त्यांतल्या आणि गावांतल्या पत्त्यांचा मोठा प्रश्न सुटेल. पण हा संकेत जमिनीवरचा चौकोन सांगतो. बावीस मजली इमारतीत कोणती विंग, कोणता मजला, लिफ्ट कुठल्या बाजूला, हे त्यातून कळत नाही. ते कळायला त्या इमारतीत चार वेळा जावंच लागतं.

इमारतीत शिरणं हाही वेगळा अभ्यास आहे. गेटवर नोंद, अ‍ॅपवर रहिवाशाची परवानगी, मग कोणती लिफ्ट वापरायची याचे प्रत्येक सोसायटीचे निराळे नियम. ग्राहक अनोळखी नंबर उचलत नाही, कारण दिवसभर कर्जाचे आणि प्लॉटचे फोन येऊन तो कंटाळलेला असतो. फोन उचलला तर ओटीपी मागायचा. ओटीपी कुणालाही सांगू नका, असं बँका वर्षानुवर्षं बजावत आहेत आणि ते योग्यच आहे. त्यामुळे दारातल्या आजी संशयाने बघतात आणि मुलगा संकोचतो. अनुभवी माणूस आधी पार्सल हातात देतो, त्यावरचं नाव वाचून दाखवतो, मेसेज कंपनीकडूनच आलाय हे त्यांनाच बघायला सांगतो आणि मगच आकडे विचारतो. हे शहाणपण अ‍ॅपमध्ये लिहिलेलं नसतं.

पैशांचं प्रकरण सगळ्यांत नाजूक. फ्लिपकार्टने २०१० मध्ये माल हातात आल्यावर पैसे देण्याची सोय सुरू केली आणि भारतातली ऑनलाइन खरेदी खऱ्या अर्थाने घराघरांत पोचली. ज्यांच्याकडे कार्ड नव्हतं, ज्यांचा न दिसणाऱ्या दुकानावर विश्वास नव्हता, ते ग्राहक त्यामुळे आले. पण तेव्हापासून दिवसाच्या शेवटी हजारो रुपयांची रोकड एका मुलाच्या खिशात असते आणि हबवर हिशेब देताना शंभर रुपये कमी पडले तरी ते त्याच्याकडून वळते होतात. सुट्ट्यांची भानगड, घाईत मोजलेल्या नोटा, पैसे गेल्याचा नुसता स्क्रीनशॉट दाखवून दार लावणारा ग्राहक, परत घेताना खोक्यात बदललेला माल: यांतल्या प्रत्येक गोष्टीचा धडा नवा मुलगा स्वतःच्या कमाईतून फी भरून शिकतो. परतीचं पार्सल घेताना टॅग तपासायचा, मोबाइल असेल तर आयएमईआय जुळवायचा, शंका आली तर ग्राहकासमोरच फोटो काढायचा. हे पहिल्याच दिवशी कुणीतरी करून दाखवलं, तर त्याची कित्येक दिवसांची कमाई वाचेल.

आता हिशेब मांडून पाहू. नगाचा दर शहर, कंपनी आणि मधला कंत्राटदार यांप्रमाणे बदलतो. समजा, तो १५ रुपये आहे. सरावलेला माणूस दिवसाला ७० पार्सलं देतो, म्हणजे १,०५० रुपये. नवा मुलगा त्याच वेळात ३५ देतो, म्हणजे ५२५. पेट्रोल मात्र दोघांना सारखंच लागतं, किंबहुना चुकत-माकत फिरणाऱ्या नव्याला जास्तच. लिटरमागे शंभराहून अधिक रुपये मोजून, गाडीची झीज आणि फोनचा डेटा धरून त्याच्या हातात काय उरतं? न दिलेल्या पार्सलाचे बहुतेक ठिकाणी पैसेच नाहीत, मग ग्राहक घरी नसला काय किंवा पत्ता चुकीचा असला काय. कामाची उत्पादकता कमी असण्याचा काळ प्रत्येक धंद्यात असतो. आयटी कंपनीत नवा इंजिनिअर पहिले काही महिने शिकतो आणि कंपनी त्याला पगार देते. बँकेत परिविक्षाधीन अधिकाऱ्याला पगार असतो. इथे मात्र तो सगळा काळ नव्या मुलाच्या घराला सोसावा लागतो. म्हणूनच अनेक जण पहिल्या काही आठवड्यांतच सोडून जातात, आणि त्यांच्या जागी आलेला पुढचा नवा मुलगा पुन्हा पहिल्यापासून तेच धडे विकत घेतो.

याहून गंभीर गोष्ट विम्याची आहे आणि ती फार थोड्या जणांना माहीत असते. खासगी दुचाकीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत गाडीच्या वापराची मर्यादा लिहिलेली असते. भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर आणि मालाची वाहतूक त्यात बसत नाही. पांढऱ्या नंबर प्लेटच्या गाडीवर पार्सलं वाहताना अपघात झाला, तर गाडीच्या नुकसानीचा दावा याच कलमावर बोट ठेवून नाकारला जाऊ शकतो. वडिलांच्या नावावरची हप्त्याची गाडी घेऊन कामाला लागलेल्या मुलाला हे कुणी सांगत नाही. अ‍ॅपवर त्याने मान्य केलेल्या अटींचा मजकूर लांबलचक असतो आणि बहुधा इंग्रजीत. कंपन्या अपघात विमा देतात, काहींचा चांगलाही असतो. पण तो माणसाचा असतो, गाडीचा नसतो. गाडी मोडली की काम बंद आणि हप्ता चालू.

काही मुलं भाड्याच्या कमी वेगाच्या ई-स्कूटरवर सुरुवात करतात. ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणाऱ्या आणि २५० वॅटपेक्षा कमी ताकदीच्या या गाड्यांना लायसन्स लागत नाही, नोंदणी लागत नाही. गाडी विकत घेण्याची ऐपत नसलेल्याला ही सोय मोठी आहे. पण तिची दुसरी बाजूही पाहायला हवी: रस्त्याचे नियम कधीच न शिकलेला अठरा वर्षांचा मुलगा पाठीवर वजन घेऊन हडपसरच्या किंवा कुर्ल्याच्या वाहतुकीत उतरतो.

त्या रस्त्यांचे आकडे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयच देतं. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतले ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते, आणि ५०,०२९ जणांच्या मृत्यूची नोंद हेल्मेट न घातलेल्यांमध्ये झाली. यांतले किती जण पार्सलं पोचवत होते, हे या आकड्यांतून कळत नाही. निदान महाराष्ट्राने तरी अपघाताच्या पंचनाम्यात ‘कामावर असताना’ असा वेगळा रकाना ठेवावा. जे मोजलं जात नाही त्यासाठी तरतूदही होत नाही.

हे असंच चालायचं, असं नाही. पार्सल पोचवण्याच्या धंद्यातली जगातली सर्वांत जुनी आणि मोठी नावं घेतली, तर त्यांत यूपीएस येतं. ही कंपनी १९०७ मध्ये सिअ‍ॅटलमध्ये सुरू झाली. नव्या भरतीतले बरेच जण सुरुवातीलाच गळतात, हे लक्षात आल्यावर तिने २००७ मध्ये मेरिलँडमधल्या लँडोव्हर इथे ‘इंटिग्रॅड’ नावाची प्रशिक्षण शाळा उघडली. तिथे खोटं गाव उभं केलं आहे, घरं आणि रस्त्यांसकट. नवे चालक तिथे खरी गाडी चालवून खोटी पार्सलं देतात. निसरड्या फरशीवर मुद्दाम चालायला लावून पाय घसरला तर तोल कसा सावरायचा हे शिकवतात, कारण या कामात घसरून पडणं ही नेहमीची दुखापत आहे. गाडीतून उतरताना किती पायऱ्या, कुठला हात कठड्यावर, खोकं उचलताना पाठ कशी ठेवायची, हे सगळं ठरलेलं आणि घोटून घेतलेलं असतं. यूपीएसने हे धर्मादाय म्हणून केलं नाही. अपघात, दुखापती आणि सोडून जाणारी माणसं कंपनीला महाग पडत होती, कारण तिथले चालक तिचे पगारी नोकर आहेत आणि टीमस्टर्स ही बलाढ्य संघटना त्यांच्यामागे उभी आहे. चुकीची किंमत जो भरतो, तोच चूक टाळायला पैसे घालतो. आपल्याकडे ती किंमत मुलगा भरतो, म्हणून शाळा उघडायची घाई कुणालाच नाही.

अभ्यासक्रम आपल्याकडेही आहे. लॉजिस्टिक्स क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने ‘कुरिअर डिलिव्हरी एक्झिक्युटिव्ह’ या कामाचा आराखडा केव्हाच तयार केला आहे. पार्सल कसं हाताळायचं, कागदपत्रं, ग्राहकाशी बोलणं, रोकड, सुरक्षितता हे सगळं त्यात येतं. अडचण एवढीच की हबवर त्याची अट नाही.

इथे महाराष्ट्राने आपलाच इतिहास उघडून बघावा. १९६०च्या दशकात मुंबईच्या गोद्यांत, धान्याच्या आणि मसाल्याच्या बाजारांत डोक्यावर ओझं वाहणाऱ्या माथाडी कामगाराला एक असा मालक नव्हता. सकाळी या गाळ्यावर, दुपारी त्या. नगावर मजुरी. पडला, लागलं, म्हातारा झाला, तर जबाबदार कुणीच नाही, कारण प्रत्येक व्यापारी म्हणे की हा माझा नोकर नाही. अण्णासाहेब पाटलांनी या माणसांना संघटित केलं आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. त्याची कल्पना साधी आणि भक्कम होती. सरकार, मालक आणि कामगार या तिघांचं मंडळ. मालकाची नोंदणी, कामगाराचीही नोंदणी. व्यापारी मजुरी थेट हातावर टेकवत नाही, ती मंडळात भरतो आणि तिच्यावर ठरावीक लेव्ही भरतो. मंडळ त्यातून कामगाराला मजुरी देतं आणि भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, औषधपाणी यांची सोय करतं. कामगार कुणाचा नोकर, या वादात न अडकता त्याचं संरक्षण त्याच्या कामाला जोडून दिलं गेलं. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायतीच्या रूपाने याच माणसांना उभं केलं.

त्या काळचा माथाडी आणि आजचा पार्सलवाला यांच्यात फरक कितीसा आहे? दोघांचंही काम ओझं वाहण्याचं, दोघांचीही मजुरी नगावर, दोघांचेही मालक अनेक. आजचा मुलगा सकाळी एका कंपनीची पार्सलं देतो आणि संध्याकाळी दुसऱ्या अ‍ॅपवर किराणा पोचवतो. उलट आज मंडळ चालवणं जास्त सोपं आहे, कारण प्रत्येक पार्सल स्कॅन होतं आणि प्रत्येक रुपयाची नोंद असते. १९६९ मध्ये मंडळाला वह्या तपासायला माणसं पाठवावी लागत.

माथाडी कायद्याचं सगळंच गोड आहे, असं म्हणणं खोटं ठरेल. बोगस माथाडींच्या नावाने खंडणी उकळली जाते, या उद्योजकांच्या तक्रारींत तथ्य आहे आणि त्या भीतीने गुंतवणूक बिचकते हेही खरं. पण ती खंडणी रोख पैशांच्या आणि दमदाटीच्या जोरावर चालते. डिजिटल नोंदीवर आपोआप कापल्या जाणाऱ्या लेव्हीत तिला जागा कमी.

दिल्लीतही हालचाल झाली आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांना पहिल्यांदा कायद्यात जागा दिली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या कल्याणासाठी द्यावी आणि ती कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये, अशी तरतूद तिच्यात आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. राजस्थानने २०२३ मध्ये देशातला पहिला स्वतंत्र कायदा केला. कर्नाटकच्या २०२५ च्या कायद्यात तर कामगाराला काढायचं असेल तर कारण सांगून चौदा दिवसांची नोटीस द्यावी लागते. आयडी अचानक बंद होण्याची धास्ती ज्याने अनुभवली आहे, त्यालाच या चौदा दिवसांची किंमत कळेल. ज्या राज्याने माथाडी मंडळं देशाला दाखवली, त्याने या रांगेत मागे उभं राहणं शोभत नाही.

पण या सगळ्या कायद्यांत एक जागा रिकामीच राहते, आणि ती म्हणजे सुरुवात. कल्याण निधी, ओळखपत्र, आरोग्य विमा या चांगल्या गोष्टी आहेत, पण त्या काही काळ टिकलेल्या माणसाच्या हाती लागतात. ज्याला सगळ्यांत जास्त आधार हवा, तो पहिल्या आठवड्यातला मुलगा त्यांच्या बाहेरच राहतो. म्हणून महाराष्ट्राच्या कायद्याने तिथूनच सुरुवात करावी. पहिले दोन आठवडे नगावर मजुरी नको, किमान वेतनाइतका रोज द्यावा. त्यातले पहिले काही दिवस त्याने जुन्या मुलाच्या जोडीने फिरावं, आणि शिकवणाऱ्याला शिकवण्याचा वेगळा भत्ता मिळावा, म्हणजे त्याचं नुकसान होणार नाही. पहिलं पार्सल हातात देण्याआधी गाडीला मालवाहतुकीचं संरक्षण देणारा विमा कंपनीने काढावा. नोंदणी पहिल्याच दिवशी मंडळात व्हावी आणि कंपनी बदलली तरी क्रमांक तोच राहावा. रोकड कमी पडली म्हणून कपात करायची, तर आधी त्याचं म्हणणं ऐकून घेणारा जिवंत माणूस हबवर असावा.

यावर दोन आक्षेप हमखास येतील. पहिला असा की खर्च वाढेल आणि ग्राहक फुकट डिलिव्हरीला सोकावलेला आहे. खर्च वाढेलच. पण डिलिव्हरी फुकट कधीच नव्हती, तिचे पैसे आतापर्यंत दुसराच कुणीतरी भरत होता. दर पार्सलामागे रुपया-दोन रुपये जास्त लागले तर ते विकणाऱ्याने आणि विकत घेणाऱ्याने वाटून घ्यावेत. दुसरा आक्षेप जास्त विचार करण्यासारखा आहे. कॉलेज करता करता संध्याकाळी तीन तास काम करणाऱ्या विद्यार्थ्याला, हंगामापुरता शहरात येणाऱ्या शेतकऱ्याला हे काम सोयीचं आहे ते त्याच्या मोकळेपणामुळेच. नियमांच्या ओझ्याखाली ती सोय जाऊ नये. ती जाण्याचं कारणही नाही. किती तास काम करायचं, कधी करायचं, हे त्यानेच ठरवावं. जोडीने फिरण्याचे दिवस तासांत मोजता येतात, आणि लेव्ही नगावर असल्याने तीन तास करणाऱ्याची तीन तासांची जमा होईल. माथाडी मंडळाच्या रचनेतच हा लवचीकपणा आहे.

निती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात सुमारे ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज आहे. म्हणजे येत्या काही वर्षांत कुठल्या ना कुठल्या हबवर किंवा अ‍ॅपवर पहिला दिवस असणाऱ्यांची संख्या कोटीच्या वर असेल. त्यांतली कितीतरी मुलं आपल्या गावातली, आपल्या नात्यातली असतील.

ग्राहक म्हणून आपल्याला करता येण्यासारखंही बरंच आहे, आणि त्यासाठी कायद्याची वाट बघायला नको. पत्त्यात विंग, मजला आणि जवळची खूण स्पष्ट लिहावी. पार्सल यायचं आहे त्या दिवशी अनोळखी नंबर उचलावा. रोख द्यायचे असतील तर सुटे तयार ठेवावेत. सोसायटीच्या सभेत डिलिव्हरीवाल्यांना लिफ्ट, पिण्याचं पाणी आणि तळमजल्यावरचं स्वच्छतागृह मोकळं करण्याचा ठराव मांडावा. चेन्नई महापालिकेने २०२५ मध्ये अशा कामगारांसाठी वातानुकूलित विश्रांतीगृहं उघडली. एप्रिल-मे महिन्यांतला नागपूर-चंद्रपूरचा उन्हाळा चेन्नईहून सौम्य नसतो, आणि आपल्या महापालिकांकडे बाजारपेठांच्या आणि बसस्थानकांच्या आसपास जागा आहेत.

गणपती झाले की दसरा-दिवाळीच्या विक्रीसाठी सगळ्या कंपन्यांची मोठी भरती सुरू होते. वर्षातले सर्वाधिक नवे चेहरे त्याच आठवड्यांत हबवर येतात, पार्सलं सर्वाधिक असतात, परतीचा पाऊसही तेव्हाच कोसळतो. कायदा विधिमंडळातून यायला वेळ लागेल. तोवर कामगार विभागाने निदान एवढं करावं: गणपतीच्या आधी कंपन्यांना आणि त्यांच्या कंत्राटदारांना बोलावून यंदाच्या हंगामापुरता जोडीने फिरण्याचा आणि पहिल्या दिवसांच्या रोजाचा लेखी करार करून घ्यावा. आणि प्रत्येक हबच्या भिंतीवर मराठीत, ठळक अक्षरांत एक फलक लावायला लावावा. त्यावर नगाचा दर, कपातीचे नियम, विम्याचा क्रमांक, अपघात झाला तर कोणाला फोन करायचा त्याचं नाव आणि नंबर, आणि तक्रार ऐकणाऱ्या कामगार अधिकाऱ्याच्या कार्यालयाचा पत्ता असावा.